तिथे सगळे हसत होते, मॅडम!

"मॅडम, तिथे सगळे हसत होते. माझे मिस्टरसुद्धा." खुर्चीत बसायच्या आधीच ताई बोलल्या.

व्यसनमुक्तीच्या कामात घरच्या माणसांकडून हा प्रश्न मला नेहमी येतो. नवरा किंवा मुलगा अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, म्हणजे एए.च्या मीटिंगला जातो आणि बाहेर थांबलेल्या बायकोला, आईला आतून हशा ऐकू येतो. ज्याने घराची राखरांगोळी केली, त्याला हसू सुचतंच कसं? त्याला पस्तावा झालाय की नाही? या ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

मिस्टर फिटर. व्यसनमुक्ती केंद्रात राहून आल्यापासून रोज संध्याकाळी मीटिंग, आणि ७० दिवस दारूला शिवले नव्हते. ओपन मीटिंगला घरच्यांनाही बसता येतं, म्हणून ताई पहिल्यांदा गेल्या. मिस्टर शेअरिंगला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला, उभे राहिले. एकदा त्यांनी क्वार्टर इतकी पक्की लपवली की नशेत जागाच विसरले. रात्री दीडला बायकोला उठवून म्हणाले, "माझं पाकीट हरवलंय, शोध." बायको पाकीट शोधतेय, हे बाटली शोधतायत. डबे उपसले, गाद्या उलटल्या. शेवटी बायकोला पाकीट यांच्याच खिशात दिसलं, आणि हे तिच्यावरच ओरडले, "ते नाही, दुसरं!" खोलीभर हशा पिकला. मागून कुणी म्हणालं, "माझी फ्लशच्या टाकीत असायची!" पुन्हा हशा.

"त्या रात्री माझ्या घरात कुणी हसलं नव्हतं, मॅडम. आवाजाने पोरगा उठला, मध्ये आला, त्याच्या कानफटात बसली. ते नाही सांगितलं त्यांनी."

मी मिस्टरांची बाजू घेतली नाही. ताईंचा राग रास्त होता, आणि गोष्ट अर्धीच सांगितली गेली होती हेही खरं होतं. पण त्या हसण्याबद्दल मला जे वाटतं ते मी त्यांना सांगितलं.

दारुड्याला उपदेशाची कमतरता कधीच नसते. आई, सासरा, साहेब, डॉक्टर, सगळे बोलून थकलेले असतात. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी शेअरबाजारातला बिल आणि सर्जन असलेला बॉब भेटले, तेव्हा बिलने बॉबला उपदेश केला नाही, स्वतःचीच कहाणी सांगितली. एए. तिथून सुरू झालं. लपवलेली बाटली ही प्रत्येकाची एकट्याची लाज असते. ती मनात कुजत राहिली की माणूस ती विसरायला पुन्हा पितो. एकाने ती उघड सांगितली की वीसजणांना आपापली फ्लशची टाकी आठवते, आणि ते हसतात. एए.च्या सुरुवातीच्या दिवसांतला एक किस्साही आहे. एका गटाने मोठं केंद्र चालवायला ६१ नियम केले, सगळं कोसळलं, मग त्यांनी बासष्टावा लिहिला: स्वतःला फार गंभीरपणे घेऊ नका.

मात्र सगळं हसणं सारखं नसतं, हे मी घरच्यांना आवर्जून सांगते. माणूस स्वतःच्या मूर्खपणावर हसतोय की "एका बैठकीत खंबा संपवायचो" अशी फुशारकी मारतोय, हे ऐकून कळतं. बायकोला हास्याचा विषय केलं जात असेल तर मला ते चालत नाही, मी तसं गटातल्या जुन्या मंडळींशी बोलते. आणि पस्तावा चेहऱ्यावर शोधू नये. पगार घरी येतो का, पोरं बापाच्या चपलांचा आवाज ऐकून अजून दचकतात का, तिथे बघावं.

ताईंना मी अल-अ‍ॅनॉनला, म्हणजे कुटुंबीयांच्या गटात पाठवलं. चौथ्या मीटिंगनंतर त्या आल्या. तिथे एकीने सांगितलं होतं, नवऱ्याच्या बाटलीत तिने कोरा चहा भरून ठेवला आणि तो पिऊनही स्वारी झुलायला लागली. ताई पोटभर हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. मग जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बोलल्या: त्या रात्री ती क्वार्टर मिस्टर विसरले नव्हतेच. संध्याकाळीच ताईंना ती ज्वारीच्या डब्यात सापडली होती आणि त्यांनी ती मोरीत ओतली होती.

"मी ओतली नसती तर पोराने मार खाल्ला नसता."

तीन वर्षं त्या हे ओझं वाहत होत्या. मी म्हटलं, "ताई, हात कुणी उगारला? तुम्ही नाही." हे मला पुढच्या दोन बैठकांत पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

मग दोघांना एकत्र बसवलं. ज्वारीच्या डब्याचं ऐकून मिस्टरांना आधी हसू फुटलं, आणि लगेच विझलं. बराच वेळ ते जमिनीकडे बघत राहिले. "पोराचं मी सांगितलं नाही," एवढंच म्हणाले.

पुढच्या ओपन मीटिंगला त्यांनी ते सांगितलं. पाकिटापाशी लोक हसले, कानफटीपाशी खोली गप्प झाली. ताई शेवटच्या रांगेत होत्या.

"हसलात?" मी विचारलं.

"नाही. पण उठूनही गेले नाही." मग म्हणाल्या, "चहा मात्र किती गोड करतात हो तिथे!"

दारू सुटल्यावर गोड खावंसं वाटतं, असं मी सांगितलं. घरी साखर लवकर का संपते ते आता कळलं, म्हणाल्या.