कुत्र्याला किंवा मांजराला अचानक श्वास घेता येईनासा झाला, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करावे?

घरातल्या कुत्र्याला किंवा मांजराला अचानक धाप लागली तर पशुवैद्याकडे पोहोचेपर्यंत घरच्यांनी काय करावे, आणि माणसाला देतात तसा तोंडाने श्वास द्यावा का, असे आपण विचारले आहे. प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करताना मला जे शिकवले गेले आणि जे मी पाहत आलो, त्यावरून माझे मत ठाम झाले आहे: प्राणी शुद्धीवर असून श्वासासाठी धडपडत असेल, तर त्याला शक्य तितके न छेडता ऑक्सिजनपर्यंत नेणे हाच खरा प्रथमोपचार आहे. आपल्या हातांनी काही करण्याची वेळ तीनच प्रसंगी येते: घशात वस्तू अडकून हवा बंद झाली असेल, उष्माघात झाला असेल, किंवा प्राणी बेशुद्ध पडून त्याचा श्वास थांबला असेल.

आधी त्रास ओळखायचा कसा, ते पाहू. शांत झोपलेल्या निरोगी कुत्र्याचा किंवा मांजराचा श्वास मिनिटाला साधारणपणे १५ ते ३० वेळा चालतो. छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास, असे ३० सेकंद मोजून दुप्पट करावे. प्राणी ठणठणीत असतानाच हा आकडा माहीत करून घेतलेला असावा, म्हणजे बदल लगेच लक्षात येतो. विश्रांतीतही तो ४० च्या वर राहू लागला, तर त्याच दिवशी तपासणी हवी. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो तो बहुधा शरीर थंड ठेवण्यासाठी, परंतु मांजराच्या बाबतीत हा नियम लावू नये. जोरदार खेळानंतर किंवा भीतीने एखादे मांजर थोडा वेळ तोंडाने श्वास घेते. ते एक-दोन मिनिटांत थांबले नाही, किंवा काहीच कारण नसताना सुरू झाले, तर ती तातडीची अवस्था आहे. मान पुढे ताणून दबून बसलेले मांजर, पुढचे कोपर बाहेर फाकवून बसलेला आणि आडवे व्हायला तयार नसलेला कुत्रा, प्रत्येक श्वासाबरोबर जोराने आत ओढले जाणारे पोट, या खुणा हिरड्यांच्या रंगाच्या आधी दिसतात. हिरड्या निळसर किंवा राखाडी होतात तोवर बराच उशीर झालेला असतो, म्हणून त्या गुलाबी आहेत एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. आगीच्या धुरात सापडलेल्या प्राण्याच्या हिरड्या तर कार्बन मोनॉक्साइडमुळे लालबुंद दिसू शकतात. मांजर गुरगुरते आहे म्हणजे ते बरे आहे, हाही गैरसमज आहे, कारण वेदनेत आणि भीतीतही मांजरे गुरगुरतात.

दोन गोष्टींत लोकांची नेहमी गल्लत होते. कुत्रा मान ताणून नाकाने हवा आत ओढत घोरल्यासारखा आवाज करतो आणि साधारण मिनिटभरात पूर्ववत होतो, ती बहुतेक वेळा उलटी शिंक असते. ती दिसायला भयंकर, पण सहसा निरुपद्रवी असते. याउलट, मांजर जमिनीलगत दबून, मान लांब करून खोकते आणि ‘केसांचा गोळा काढत असेल’ म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. असे वारंवार होऊनही बाहेर काहीच पडत नसेल, तर तो दमा असू शकतो. अशा खोकल्याचे मोबाइलवर चित्रण करून पशुवैद्यांना दाखवावे, कारण दवाखान्यात पोहोचल्यावर मांजर बहुधा खोकत नाही.

न छेडण्यावर मी इतका भर देतो, त्यामागे कारण आहे. हृदयविकारामुळे फुफ्फुसांत पाणी साचलेले असो, छातीत फुफ्फुसांभोवती द्रव जमलेला असो किंवा उंचावरून पडल्यामुळे छातीत हवा शिरलेली असो, त्या प्राण्याजवळ ऑक्सिजनची शिल्लक अगदी थोडी असते आणि धरपकडीत ती संपते. त्याला कुशीवर किंवा उताणे झोपवू नये, कुशीत घट्ट धरू नये, तोंड उघडून पाणी, अन्न किंवा औषध घालू नये. माणसांची औषधे तर मुळीच नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिच्यामुळे रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमताच नष्ट होते. गळ्यातला पट्टा काढावा, मांजराला हवेशीर पिंजऱ्यात किंवा खोक्यात ठेवावे, कुत्र्याला तो स्वतः निवडेल त्या स्थितीत राहू द्यावे, गाडी थंड ठेवावी आणि निघताना दवाखान्यात फोन करावा, म्हणजे पोहोचताच ऑक्सिजन तयार असतो.

घशात वस्तू अडकल्याचा प्रसंग वेगळा. खोकल्याचा आवाज येत असेल तर थोडी तरी हवा जात आहे. त्याला खोकू द्यावे आणि निघावे. आवाज बंद होऊन प्राणी पंजाने तोंड ओरबाडत कासावीस झाला, तर मात्र थांबू नये. तोंड उघडून पाहावे, वस्तू स्पष्ट दिसत असेल आणि पकडीत येत असेल तरच काढावी. अंदाजाने बोट घातल्यास ती आणखी खोल जाते, आणि गुदमरणारा प्राणी कितीही मायाळू असला तरी चावतो. मांजराच्या जिभेखाली दोरा दिसला तर तो कधीही ओढू नये, त्याचे दुसरे टोक आतड्यात असू शकते. वस्तू निघत नसेल तर लहान प्राण्याचे डोके खाली आणि मागचा भाग वर करून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापा माराव्यात. मोठ्या कुत्र्याला मागून कवेत घ्यावे, बरगड्या संपतात त्याच्या लगेच मागे पोटावर मूठ ठेवावी आणि आत व डोक्याच्या दिशेने पाच झटके द्यावेत. घशात चेंडू अडकला असेल, तर जबड्याखाली बाहेरून, चेंडूच्या मागे दोन्ही अंगठे ठेवून तो तोंडाकडे ढकलता येतो. हा उपाय फारसा कोणाला ठाऊक नसतो, पण शिकून ठेवण्यासारखा आहे.

उष्माघाताचा धोका पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना अधिक असतो. तिथे आधी अंग थंड करावे, मग न्यावे: सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा, आणि गाडीतही ते चालू ठेवावे. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवल्यास उष्णता आत कोंडते.

आता तोंडाने श्वास देण्याविषयी. हाक मारून, हलवून प्रतिसाद नसेल आणि श्वासही चालत नसेल, तर नाडी शोधण्यात वेळ न घालवता सीपीआर, म्हणजे छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे, सुरू करावा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २०२४ मध्ये सुधारलेल्या ‘रिकव्हर’ या पशुवैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्राण्याला कुशीवर ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबावी. प्रत्येक वेळी छाती तिच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी दबावी आणि पुन्हा पूर्ण फुगू द्यावी. मांजराची छाती एका हाताच्या पकडीत दाबता येते, तर बहुतेक मोठ्या कुत्र्यांना छातीच्या सर्वांत रुंद भागावर दोन्ही हातांनी दाब द्यावा लागतो. ३० दाबांनंतर तोंड हाताने मिटून, नाकपुड्यांवर आपले तोंड घट्ट लावून, छाती वर येईल एवढेच दोन श्वास द्यावेत. दाबणाऱ्या व्यक्तीने दर दोन मिनिटांनी बदलावे. हृदय थांबलेले फार थोडे प्राणी वाचतात, तरीही काहीच न करण्यापेक्षा हे निश्चित चांगले. शुद्धीवर असलेल्या प्राण्याला मात्र तोंडाने श्वास कधीच देऊ नये.

घशातली वस्तू निघाली आणि प्राणी हिंडू-फिरू लागला, तरी त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी. गुदमरल्यानंतर काही तासांनी फुफ्फुसांत पाणी साचू शकते आणि झटक्यांमुळे बरगड्यांना किंवा पोटातल्या अवयवांना इजा झालेली असू शकते. म्हणून पुढचे २४ तास तो झोपलेला असताना त्याचे श्वास मोजत राहावे.