बँड मोजून झाले, लेकीला विचारलंत?

पत्र (थोडक्यात) : मुलीला नीटमध्ये कमी मार्क पडले, गणितात ९४ आहेत. इंग्लंडातल्या लेस्टरचा मेहुणा म्हणतो, पोडिअ‍ॅट्री म्हणजे पायांच्या उपचारांची तीन वर्षांची पदवी घे. तिथल्या सरकारी दवाखान्यात बँड ५ पासून सुरुवात (बँड म्हणजे पगारश्रेणी), दर दोन-तीन वर्षांनी एक बँड वर. मोहोळचं शेत विकायची तयारी आहे. तिला जखमा बघून किळस येते, पण होईल सवय. — एक पालक, सोलापूर

उत्तर : अहो, दोन पानांत पौंडाचा भाव आहे, शेताचा दर आहे. लेकीचं म्हणणं एवढंच, की किळस येते. तेही तुम्ही पुढच्या तीन शब्दांत निकालात काढलंत.

सवय कशाची, ते तरी बघा. साखरेने पाय बधिर झालेला माणूस एप्रिलच्या डांबरावर अनवाणी चालतो आणि तळव्याला फोड आलेला त्याला कळत नाही. पट्टी सोडली की आधी वास येतो. मग मेलेली कातडी काढायची, जखम किती खोल गेली ते बघायचं, नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ‘लागतंय का?’ विचारायचं. या कामामुळे कितीतरी पाय कापायचे वाचतात. पण ते मनापासून करणाऱ्यानेच करावं. मेहुण्याच्या हौसेसाठी नाही.

आता बँडचं. वर्षं भरली की बँडच्या आतली पगारवाढ मिळते, आणि बँड ५ मध्ये ती चार वर्षांत संपते. सहाव्या बँडची जागा निघावी लागते, अर्ज करून मुलाखत द्यावी लागते. सातव्यासाठी वर आणखी शिक्षण आणि एखाद्या विषयात हात बसलेला हवा. आपल्या झेडपीतल्यासारखी सेवाज्येष्ठतेची यादी तिथे नाही. २०२५-२६ मध्ये इंग्लंडात बँड ५ ची सुरुवात वर्षाला ३१,०४९ पौंडांची होती. तुम्ही त्याचे सरळ रुपये केलेत. भाडं आणि कर मात्र पौंडातच जातात. परत यायचं म्हटलं, तर आपल्याकडे हे काम बहुतेक ठिकाणी सर्जनच करतात.

नीट पुन्हा द्यायची की फिजिओथेरपी, ते नंतर बघू. मला ते ९४ मार्क दिसतात, ज्यांच्याबद्दल तुम्ही पुढे अवाक्षर काढलेलं नाही. बीएस्सी स्टॅटिस्टिक्सचा विचार करा. एमएस्सीची सोय सोलापूर विद्यापीठातच आहे. आरोग्यक्षेत्रच हवं असेल, तर औषधांच्या चाचण्यांना आणि साथींच्या अभ्यासाला आकडेमोड करणारी माणसं लागतातच. तिथे पट्टी सोडावी लागत नाही.

अर्थात हेही तिला पटलं तर. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि ते तुम्ही वाचू नका. शेताचा इसार घेतला असेल, तर तो या आठवड्यातच परत करा.