व्हॅनिटी 24 इंची, 36 इंची की डबल बेसिनवाली? ठाण्याच्या ताईंना उत्तर

ताई नमस्कार, तुमचं पत्र दोनदा नीट वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ठाण्यात 18 वर्षं जुन्या बिल्डिंगमध्ये 2 बीएचके, नवरा-बायको दोघंही नोकरी करतात, घरात 71 वर्षांच्या सासूबाई आणि एक शाळकरी मुलगा. महिन्याला हातात 1,08,000 येतात, त्यातले 38,000 होमलोनचा हप्ता, 45,000 घरखर्च आणि 10,000 एसआयपीत जातात. एफडीत 1,60,000 आहेत आणि दिवाळीचा बोनस 90,000 नुकताच जमा झालाय. आता बाथरूममध्ये बेसिनखाली कपाट असलेली व्हॅनिटी बसवायची आहे आणि दुकानदाराने बेसिन, आरसा, फिटिंग सगळं धरून तीन भाव दिलेत: 24 इंचीचे 31,000, 36 इंचीचे 64,000 आणि डबल बेसिनवाल्या 48 इंचीचे 1,12,000. ताईंना 36 आवडलीय, साहेबांना 48 पाहिजे कारण सकाळी साडेसातला दोघांनाही एकदमच निघायचं असतं. कोणती घ्यावी आणि पैसे कसे उभे करावे, असा प्रश्न आहे.

ताई, हा प्रश्न पैशाचा म्हणून माझ्याकडे आलाय खरा, पण व्हॅनिटीची साइज पैसा ठरवत नाही, फरशी ठरवते, म्हणून आधी माप बघू.

तुमचं बाथरूम 5 फूट बाय साडेसात फूट, म्हणजे 60 बाय 90 इंच. दार आखूड भिंतीत, आणि लांब भिंतीला ओळीने बेसिन, कमोड आणि शेवटी शॉवर. आता 90 इंच वाटून बघा. सासूबाई स्टुलावर बसून बादली-मगाने आंघोळ करतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तिथे 36 इंच लागणारच, बादली, स्टूल आणि माणूस त्याहून कमी जागेत मावत नाही. कमोडच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना किमान 15-15 इंच मोकळे लागतात म्हणजे 30 झाले. 90 मधून 66 गेले, राहिले 24. तुमच्या बाथरूमने उत्तर स्वतःच दिलंय बघा. 36 इंची घेतली तर कमोडसाठी 18 इंच उरतात, कमोड स्वतःच 14-15 इंच रुंद असतो, म्हणजे बसलं की एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला शॉवरची काच गुडघ्याला लागणार, आणि ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांना उठताना हात टेकायलाही जागा नाही. 48 इंची घेतली तर कमोडला 6 इंच उरतात. दुकानदार म्हणाला की कमोड समोरच्या भिंतीला हलवू, पण त्यासाठी फरशी फोडून मैल्याचा चार इंची पाइप फिरवावा लागतो, उतार नव्याने काढावा लागतो, आणि 18 वर्षांच्या बिल्डिंगमध्ये ते काम व्हॅनिटीपेक्षा मोठं होऊन बसेल.

डबल बेसिनबद्दल साहेबांना एक सांगा. बाथरूमला दार एकच आहे, आतमध्ये एकजण आंघोळीला गेला की कडी लागते, मग आत दोन बेसिन असो की चार, दुसरा माणूस बाहेरच उभा राहणार. तुमच्याकडे डायनिंगच्या कोपऱ्यात एक वॉश बेसिन आहेच, त्याच्यावर चांगला आरसा, एक लाइट आणि दाढीच्या सामानाला छोटी फळी लावा, सकाळची गर्दी तिथेच निम्मी होईल आणि खर्च अगदी थोडा.

आता पैसे. तुमचा दर महिन्याचा न टळणारा खर्च हप्ता आणि घरखर्च मिळून 83,000 आहे, म्हणजे सहा महिन्यांची सोय म्हणून 5 लाखांच्या आसपास बाजूला हवेत आणि तुमच्याकडे आहेत 1,60,000. दोन महिनेही निघत नाहीत त्यात! दोघांचे पगार चालू आहेत म्हणून हे आज जाणवत नाहीये, पण घरात 71 वर्षांचं माणूस आहे ताई, हे मला काळजीचं वाटतं आणि म्हणून बोनसमधला प्रत्येक रुपया विचार करूनच हलवायचा.

36 इंचीसाठी दुकानात नऊ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेला हप्ता, आहे म्हणालात. रोख दिले तर तोच दुकानदार 7 टक्के सोडतोय, म्हणजे 4,480 रुपये, ते ईएमआय घेतला की मिळत नाहीत. शिवाय ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर बँक आतल्या आत जे व्याज धरते त्यावर 18 टक्के जीएसटी तुमच्याकडूनच जातो, बँक 15 टक्क्यांनी धरत असेल तर तो सातशेच्या घरात, वर प्रोसेसिंग फी. सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आसपास जातात आणि नाव मात्र नो कॉस्ट. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल बँकांना ताकीद दिली होती, ती याच कारणाने, की व्याज दुसऱ्या कुठल्या तरी नावाने वसूल होतं.

आणि 48 इंचीसाठी बँकेचा माणूस होमलोनवर 1 लाखाचा टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावरच वाढीव कर्ज, देतो म्हणाला, महिन्याला हजारच रुपये वाढतील असं. बरोबर आहे, 9 टक्के दराने 15 वर्षं धरली तर हप्ता 1,014 येतो, पण सगळे हप्ते मिळून होतात साधारण 1 लाख 82 हजार. बाथरूममधलं कपाट, कितीही भारी घेतलं तरी, रोजच्या पाण्यात 15 वर्षं टिकणं अवघड. कपाट भंगारात जाईल आणि हप्ता चालूच राहील, असं कर्ज मी माझ्या घरात घेणार नाही आणि तुम्हालाही घेऊ देणार नाही. टॅक्समध्ये सूट मिळेल असंही तो म्हणाला म्हणे. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीच्या कर्जावरच्या व्याजाला जुन्या करप्रणालीत वर्षाला 30,000 पर्यंत वजावट आहे, तीसुद्धा 2 लाखांच्या एकूण मर्यादेच्या आतच, आणि घरखरेदीच्या कर्जाचं व्याज तुम्ही त्यात आधीच दाखवताय. नवीन करप्रणालीत गेलात तर राहत्या घराला ही वजावट नाहीच.

फ्लॅटची किंमत वाढेल हेही डोक्यातून काढून टाका. ठाण्यात फ्लॅट विकताना बोलणी स्टेशनपासूनचं अंतर, कार्पेट एरिया, मजला, पार्किंग यावर होतात, रेडी रेकनरला, म्हणजे सरकारच्या जागांच्या दरांच्या तक्त्याला, तुमचं बेसिन माहीतसुद्धा नसतं.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ, जी तुम्ही अगदी शेवटी जाता जाता लिहिलीय: खालच्या काकूंनी सांगितलं की त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल दिसतेय, आणि आमच्या प्लंबरने वॉटरप्रूफिंगचे 32,000 सांगितलेत, ते नंतर बघू. ताई, ते नंतर नाही, ते आधी! सोसायटीच्या आदर्श उपविधीप्रमाणे टॉयलेट, सिंक वगैरेमुळे होणारी आतली गळती ज्या सभासदाच्या घरातून होते त्यानेच स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. आज 64,000 ची व्हॅनिटी बसवली आणि पावसाळ्यात काकूंच्या छताचं प्लास्टर सुटलं तर व्हॅनिटी काढा, फरशी फोडा, परत बसवा, शिवाय काकूंचं छत तुमच्या खर्चाने. आमच्या स्वतःच्या घरी हे झालंय. 2016 साली आम्ही मोठ्या हौसेने एमडीएफचं (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं) मोठं कपाट घेतलं, खालचं ट्रॅपचं (बेसिनखालच्या वाकड्या पाइपचं) जॉइंट झिरपत होतं ते कपाटाच्या मागे दिसलंच नाही, दोन पावसाळ्यांत कपाटाचा तळ पावासारखा फुगला आणि खालच्या घरात पाणी गेलं. दुकानाने वॉरंटीत पाणी लागलेलं बसत नाही म्हणून हात वर केले. कपाटाचे पैसे गेले त्यापेक्षा शेजारच्यांशी दोन वर्षं बोलणं बंद झालं त्याचं जास्त वाईट वाटलं, आणि ते टाळता आलं असतं.

म्हणून माझं मत असं: बोनसमधून आधी 32,000 चं वॉटरप्रूफिंग, नव्या फरशीसकट, आणि काम झालं की नहाणीचं तोंड बंद करून पाणी भरून दोन दिवस ठेवायला लावा, खाली जाऊन काकूंबरोबर छत बघा, मगच प्लंबरचे शेवटचे पैसे द्या. त्याच वेळी 3,000 चे दोन स्टीलचे ग्रॅब बार (धरून उठायचे दांडे), एक कमोडपाशी आणि एक शॉवरमध्ये, सासूबाईंसाठी. मग 31,000 ची 24 इंची व्हॅनिटी, रोख. झाले 66,000. उरलेले 24,000 एफडीत, आणि महिन्याला जे 15,000 शिल्लक राहतात तेही तिकडेच वळवत राहिलात तर 21 महिन्यांत 5 लाखांचा टप्पा येतो, एसआयपीला हात न लावता.

24 इंचीमध्ये काय बघायचं तेही सांगतो कारण पैसे इथेच वाया जातात. भिंतीला टांगलेली घ्या, खाली फरशी मोकळी राहते, वायपर आत जातो, आणि गळालं तर त्याच दिवशी दिसतं. कपाट भिंतीपासून पुढे 18 इंचांपेक्षा जास्त येणारं नको, 21 इंची दिसायला छान पण येता-जाता कंबरेला लागते. कपाट बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या) प्लायचं पाहिजे, शीटवर आयएस 710 चा शिक्का असतो तो कापायच्या आधी बघून घ्या, नुसतं तोंडी मरीन प्लाय म्हणाला तर ऐकू नका. पीव्हीसी बोर्डचं मिळालं तर तेही चालेल, त्याला पाणी आणि वाळवी दोन्हीचा त्रास नाही, फक्त बिजागरीचे स्क्रू ढिले होतात का ते विचारा. उंचीकडे तर सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. वर ठेवायचं वाटीसारखं बेसिन पाच-सहा इंच उंच असतं, कपाट 34 इंचांवर लावलं की काठ 40 इंचांवर जातो आणि पाच फुटी बाईचं तोंड धुताना पाणी कोपरावरून बाहीत. काठ फरशीपासून 32-33 इंचांवर येईल असं मापून लावायला सांगा.

या रविवारी एक करा. दुकानातून दोन रिकामे खोके आणा, एक 24 बाय 18 चा आणि एक 36 बाय 21 चा करून बेसिनच्या जागी ठेवा, एकेक दिवस तसंच वापरा, सासूबाईंना बादली-स्टूल घेऊन आत जाऊ द्या आणि काय वाटतं ते त्यांनाच विचारा. माप घेताना टाइलपासून टाइलपर्यंत घ्या, बिल्डरच्या नकाशावरचं धरू नका. आणि बेसिनमागची भिंत विटांची आहे की हलक्या ब्लॉकची ते प्लंबरकडून बघून मला कळवा, ब्लॉकची असेल तर टांगायला वेगळे अँकर लागतात, ते दुकानदाराच्या 31,000 मध्ये धरलेत का हे बिल फाडायच्या आधी लिहून घ्यायचं.