नववीच्या मुलांना इंग्रजी उताऱ्यातील क्रियापदे आणि मध्यवर्ती कल्पना एकत्र कशी शिकवावी?

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या नववीच्या वर्गासाठी आपण हे विचारले आहे. या दोन गोष्टी एकाच उताऱ्यावर शिकवाव्यात, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या मुलांच्या कानावर मराठी आणि कन्नड दोन्ही असतात आणि दोन्ही भाषांत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. इंग्रजीत मात्र ते कर्त्यानंतर लगेच येत असल्याने मुले शेवटचा शब्द धरून बसतात. म्हणून आधी कर्ता विचारावा, मग त्याच्या पुढचे क्रियापद अधोरेखित करून घ्यावे. ‘हॅज बीन बिल्ट’ यातील तिन्ही शब्द मिळून एकच क्रियापद होते, हे फळ्यावर दाखवावेच.

मध्यवर्ती कल्पनेत खरा घोळ होतो तो विषय आणि विधान यांत. समजा, उतारा गोकाकच्या धबधब्यावर आहे. ‘गोकाकचा धबधबा’ हा झाला विषय. ‘पावसाळ्यात घटप्रभा नदी भरली की धबधब्याचे रूप पालटते’ ही मध्यवर्ती कल्पना, कारण तिला क्रियापद आहे आणि ती काहीतरी सांगते. धबधब्याची 52 मीटर उंची हा तपशील गाळला तरी ते विधान टिकते. मुलांना असे एकेक वाक्य झाकून पाहायला लावावे. उत्तर प्रथम मराठीत लिहू द्यावे (त्यात कमीपणा मुळीच नाही) आणि नंतर इंग्रजीत आणताना क्रियापदाचा काळ तपासून घ्यावा.