भुयार म्हणजे बोगदा नव्हे

स्पेनमधल्या एल एस्कोरिआल राजवाड्याखालचं राजघराण्याचं दफनस्थान पाहून आलेल्या एका वाचकाने विचारलंय: 'क्रिप्ट'ला मराठीत काय म्हणू? प्रवासवर्णनात त्यांनी 'राजसमाधी' लिहिलं. मित्राने 'भुयार' सुचवलं, पण 'भुयार म्हणजे बोगदा ना?' म्हणून ते अडलेत.

मित्राचं बरोबर आहे. अडवलंय ते पाट्यांनी आणि बातम्यांनी. रस्त्याखालून पलीकडे जायची वाट दिसली की 'भुयारी मार्ग', मेट्रो जमिनीखाली गेली की 'भुयारातून धावणार'. अहो, आरपार जातो तो बोगदा! भुयारात उतरायचं आणि आल्या वाटेने परत वर यायचं. पुष्कळ जुन्या देवळांत महादेव खाली असतो. पाच-दहा पायऱ्या उतरा, डोकं सांभाळा, की दिव्याच्या उजेडात पिंडी. त्याला कुणी बोगदा म्हणेल का?

'समाधी' इथे नको. आपल्याकडे राजाची समाधी म्हटलं की अग्नी दिला ती जागा डोळ्यांपुढे येते. एस्कोरिआलचे राजे कॅथलिक, त्यांचे देह पुरण्याचे. 'थडगं' हे एकेकट्याचं. तिथे तर अष्टकोनी दालनात सव्वीस संगमरवरी शवपेट्या भिंतींत एकावर एक रचल्यात, प्रत्येकीवर सोनेरी पाटीत नाव.

आता मूळ मुद्दा. भुयार हे घर आहे. संस्कृत भूमिगृह, प्राकृतात भूमिहर, पुढे मधला म विरघळला, ह गळला आणि राहिलं भुयार. आईचं घर ते माहेर (मातृगृह, माइहर), तसं जमिनीचं घर ते भुयार. ही दोन सख्खी भावंडं आहेत. माहेर हा शब्द आपण किती जिव्हाळ्याने उच्चारतो, आणि त्याच्या भावाला खुशाल बोगदा म्हणतो!

'भू + विवर' अशी फोड करणारे भेटतात. ती फोड कानाला गोड लागते, पण घराचा विसर पडला की माणसं बिळाकडे वळतात, एवढंच तिच्यातून कळतं. दुसरा पक्ष जरा विद्वान आहे. त्यांच्या मते भांडार, कोठार यांत जसं आगार आहे, तसंच भुयारात. त्यांना मी एकच विचारतो: मग हिंदीतल्या 'भुइँहरा'मध्ये ह कुठून आला? तळघराच्याच अर्थाचा शब्द आहे तो. आगारात ह नाही, घरात आहे. याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तेव्हा एस्कोरिआलला भुयार शब्द चपखल बसतो. स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने १५६३ ते १५८४ या काळात मठ, चर्च आणि राजवाडा एकत्र उभारला, त्यात वडील पाचवा कार्लोस यांना योग्य विसावा मिळावा हा एक हेतू होता. मुख्य वेदीच्या बरोबर खालचं ते दालन मात्र पुरं झालं चौथ्या फेलिपेच्या वेळी, १६५४ मध्ये. तिथे पोचायला गुळगुळीत संगमरवरी जिना उतरावा लागतो. जमिनीखालचं घर, आणि त्यात राजघराण्यांची वस्ती.

पण तुमच्या पत्रातली खरी गंमत दुसरीच आहे, ती तुम्ही एका ओळीत उडवलीत. त्या दालनाजवळ बंद दाराआड एक खोली आहे, 'पुद्रिदेरो'. राजदेह आधी तिथे ठेवतात आणि काही दशकांनी, मांस झडून हाडं उरली की, ती लहानशा पेटीत हलवतात. १९९३ साली वारलेले हुआन दे बोर्बोन (माजी राजे हुआन कार्लोस यांचे वडील) आणि २००० साली वारलेल्या त्यांच्या पत्नी यांनाही आधी तिथेच ठेवलं. तुम्ही त्याला 'शवागार' म्हटलंत. शवागारात देह टिकवतात, इथे तो झिजू देतात! स्पॅनिशमध्ये पुद्रिर म्हणजे कुजणं. लॅटिनमधल्या ज्या कुळातून ते आलं, त्याच कुळातलं संस्कृत 'पूति', 'पूय'. आणि त्या पूयाचा मराठी वंशज? जखमेतला पू. पुवाळणं. एस्कोरिआलच्या त्या दाराआडचा शब्द आपल्या मलमपट्टीतला निघाला.

आता बघा. भूमिगृहाचं भुयार झालं. पूतिगृह असा शब्द आपल्याकडे असता तर माइहराच्या चालीने पूइहर, आणि पुढे सरळ 'पुयार'. वर्णबदलाच्या नियमांना धरून आहे, भुयाराशी यमकही जुळतं. मी तो गेली कित्येक वर्षं वापरायला बघतोय, जागा मिळत नव्हती. तुम्ही लिहाच. पहिल्यांदा येईल तिथे 'देह झिजू देण्याची खोली' असं सांगा, पुढे नुसतं पुयार.