'फेरो'चे धातुसाधित 'लातुस्' कसे झाले?

'फेरो' (मी वाहतो, नेतो) या लॅटिन क्रियापदाचे भूतकाळवाचक धातुसाधित विशेषण 'लातुस्' का होते आणि ते कसे चालते, असे आपण विचारले आहे.

ही दोन रूपे मुळात एका धातूची नाहीतच. 'फेरो' हे संस्कृत 'भरति'च्या कुळातले. 'लातुस्' मात्र उचलणे, पेलणे या अर्थाच्या निराळ्या धातूचे असून संस्कृत 'तुला' आणि मराठी 'तोलणे' त्याच धातूशी जोडले जातात. भूतकाळी रूप 'तुली' (प्लाउतुसच्या नाटकांतले जुने 'तेतुली') हेही त्याचेच. मराठीत 'जातो' हे 'या' धातूचे आणि 'गेला' हे 'गम्'चे असूनही आपण ते एकच क्रियापद मानतो, तसाच हा प्रकार आहे.

अभ्यासक याचे मूळ रूप 'त्लातोस्' असे मांडतात. त्यातला अखेरचा प्रत्यय म्हणजे आपल्या 'गत', 'कृत' यांतला 'त'. लॅटिनला शब्दारंभीचा 'त्ल' मानवत नसल्याने पहिला 'त' गळाला, पण ग्रीक 'त्लेतोस्'मध्ये तो टिकला आहे. 'ला'मधला दीर्घ स्वर मला अधिक मोलाचा वाटतो. लॅटिन, ग्रीक, संस्कृत यांच्या सामाईक मूळ भाषेत स्वररूप 'ल'पुढे (म्हणजे स्वरासारख्या उच्चारलेल्या 'ल'पुढे) घशातून उच्चारला जाणारा एक ध्वनी होता. अशा ठिकाणी लॅटिनात 'ला' येतो, तर संस्कृतात 'ऊर्' किंवा 'ईर्'. लोकरीसाठीचे लॅटिन 'लाना' आणि संस्कृत 'ऊर्णा' शेजारी ठेवले की हा नियम डोळ्यांनी दिसतो.

रूपे सोपी आहेत: पुल्लिंगी 'लातुस्', स्त्रीलिंगी 'लाता', नपुंसकलिंगी 'लातुम्', आणि पुढे सर्व विभक्तींत 'बोनुस्, बोना, बोनुम्' (चांगला, चांगली, चांगले) या विशेषणाप्रमाणे. 'एपिस्तुला लाता एस्त' म्हणजे 'चिठ्ठी नेली गेली'. कर्माच्या लिंगाप्रमाणे रूप बदलणे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. उपसर्ग लागून 'रेलातुस्', 'त्रान्स्लातुस्', 'आब्लातुस्' अशी रूपे होतात आणि पंचमीसारख्या विभक्तीचे लॅटिन नाव 'आब्लातीवुस्' हे या शेवटच्या रूपावरूनच पडले. 'सुब्लातुस्' मात्र 'तोल्लो' (मी उचलतो) याचे धातुसाधित म्हणून वापरतात, आणि 'तोल्लो'चा धातू तर मुळातच हा आहे.

वाचताना एवढे सांभाळा, की 'रुंद' या अर्थाचे 'लातुस्' हे जुन्या 'स्त्लातुस्'पासून आलेले स्वतंत्र विशेषण आहे, आणि 'बाजू' या अर्थाच्या 'लतुस्' या नामात पहिला स्वर ऱ्हस्व आहे.