त्याला 'न' म्हणूच नका, अनुस्वार समजा

तुमच्या जपानीच्या पुस्तकात हिरागाना लिपीतल्या त्या शेवटच्या, लहान एचसारख्या तिरक्या अक्षरासमोर 'न' छापलंय. पण मॅडम 'सेम्पाई' म्हणतात आणि 'गेङ्की' ऐकू येतं, मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय. पुस्तक आणि मॅडम, दोन्ही बरोबर. रोमनमधून शिकलं की हा घोळ होतोच.

संत, संप, रंग हे मोठ्याने म्हणून बघा. टिंब एकच, पण उच्चार पुढच्या अक्षरावर ठरतो. तसंच होंदा, सेंपाई, गेंकी. म्हणून तर 'आसाही शिंबुन' हे वर्तमानपत्र स्वतःचं नाव रोमनमध्ये एम घालून लिहितं.

'सेंसेई'त (म्हणजे शिक्षक) तर आपल्याला आयताच फायदा आहे. 'संशय' म्हणताना आपण 'सन्शय' म्हणत नाही, 'सौंशय'सारखं काहीतरी म्हणतो. जीभ कुठे टेकतच नाही, आवाज नाकातून जातो. सेंसेईतही साधारण तेच. शब्दाच्या शेवटी आलं तर मात्र जिभेचं टोक मोकळं ठेवा, आवाज मागे, पडजिभेपाशी अडवा.

आता लांबी. हे अक्षर पूर्ण एक मात्रा खातं. शिंबुन म्हणजे शि-न्-बु-न्, चार मात्रा. शाळेत वृत्तं शिकताना अनुस्वाराचं अक्षर गुरू, दोन मात्रांचं धरायचो ना, तोच हिशेब. हायकूचे 5-7-5 मोजतानाही ते वेगळं मोजतात.

खरी गोची पुढे स्वर आला की होते. आपल्याकडे शब्दात अनुस्वारापुढे स्वर सहसा येतच नाही, त्यामुळे जीभ न् आणि ए जोडून 'ने' करून टाकते. 'किन्‌एन' म्हणजे धूम्रपानबंदी, 'किनेन' म्हणजे स्मरण. सुरुवातीला मी वर्गात रेल्वेच्या डब्याबद्दल 'हा किनेनचा डबा आहे' असं वाक्य ठोकलं होतं. सेंसेईंनी शांतपणे विचारलं, "कोणाच्या स्मरणार्थ?" तेव्हापासून किन्‌एन म्हणताना न् नाकातच ठेवतो, जीभ टाळूला लागू देत नाही, आणि मग ए सुरू करतो.

टाइप करतानाही हेच आडवं येतं. के-आय-एन-ई-एन दाबलंत तर 'किनेन'च उमटेल. किन्‌एन हवं असेल तर मधला एन दोनदा दाबा.